पिटलॉख्री, पहाटेचे चार

राग आलाय असं म्हणवत नाही, कारण झालं काहीच नाही. पाकीट हरवलं नाही, गाडी चुकली नाही, कुणी कुणाला बोललं नाही. उलट अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात निवांत दिवस. तरी रात्री साडेदहाला, बाहेर अजून उजेड असताना, मी या खोलीतल्या इवल्याशा टेबलाशी वही घेऊन बसलेय. हे केव्हाच आडवे झालेत.

सकाळी एडिनबराहून निघालो, दोनेक तासांत इथे, स्कॉटलंडमधल्या या छोट्या गावात. उतरल्या उतरल्या फलाटावरच जुन्या पुस्तकांचं दुकान. तिथे यांनी अर्धा तास काढला आणि शेवटी एक नकाशा घेतला. रेल्वे आली 1863 साली, त्यानंतर गावाचे दिवस पालटले, हे मला फलाटावरच कळलं. समोरचा डोंगर बेन व्रॅकी, 841 मीटर. दारूची भट्टी 1798 पासूनची. नदीवरचा झुलता पूल 1913 चा. पूल पायाखाली हलत होता आणि मी कठडा घट्ट धरून चालले होते, तरी सन कानावर पडलाच. पाटबंधारे खातं सुटलं, पण तोंडातून आकडे सुटत नाहीत.

मला त्याचं काही नाही. सवय आहे. कुठेही गेलो की मला सनावळ्या मिळतात, मी हं हं करते, दोघांचं बरं चाललेलं असतं.

मग स्कोन खाल्ले. चहा किटलीभर, पण दूध म्हणजे नुसतं गार, वरून ओतायचं. यांनी स्कोन सुरीने मधोमध कापला, जॅम असा काठापर्यंत नेऊन एकसारखा लावला जणू गिलावाच करतायत, आणि मोठा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. हे मुद्दाम लिहितेय. पुढचं वाचताना माझं मलाच आठवावं म्हणून.

तिथून धरणावर. धरण तसं लहानच, 1947 ते 1951 या काळात बांधलेलं, पण त्याच्या कडेने माशांसाठी जिना केलाय. साल्मन समुद्रातून परत येतो तो जिथे जन्मला त्या पाण्याकडे, अंडी घालायला. मधे भिंत उभी राहिली तर बिचाऱ्याने जायचं कुठून? म्हणून एकावर एक चढत जाणारी पाण्याची टाकी, 34, आतून नळाने जोडलेली, सगळी मिळून 310 मीटर. त्यातली तीन जरा मोठी, मासे दम खायला थांबतात ती. नदीत शिरल्यावर हा मासा काही खात नाही म्हणे. उपाशीपोटी 34 टाकी! मला एकदम आत्याबाईंची चातुर्मासातली पर्वती आठवली.

यांना तिथून हलवणं शक्यच नव्हतं. बाकावर एक म्हातारेबुवा बसले होते, पायाशी कुत्रा. मी मागच्या बाकावर, ते बारीक चावरे किडे हाकलत. आधी काँक्रीटबद्दल बोलणं चाललं. मग हे म्हणाले, चौतीस टाकी, माझीही नोकरी चौतीस वर्षांची. दोघं हसले. आणि मग, पाण्याकडे बघतच, अगदी सहज, "सिन्स रिटायरमेंट आय वेक अप अॅट फोर. एव्हरी डे. आय जस्ट लुक अॅट द फॅन."

म्हातारेबुवा बराच वेळ गप्प. मग बायको गेल्यापासून आपण त्या वेळेला उठून सरळ चहा करतो असं काहीतरी म्हणाले. पुढचं मला ऐकू आलं नाही, खरं तर ऐकावंसं वाटलं नाही.

रोज चार वाजता? दोन वर्षं? मी शेजारीच असते की! तो पंखा माझ्याही डोक्यावर फिरतो. कुठली गोळी कधी, भाजीत मीठ किती, कुठल्या बुटाने टाच दुखते, सगळं मला पाठ. आणि हे मला नाही माहीत. मला सगळ्या पुलांची वर्षं आणि कुत्रेवाल्याला हा पंखा. माझ्याशी इंग्रजीत बोलायला हवं होतं का?

तेवढ्यात "दिसला! दिसला!" म्हणून हे उठून उभेच राहिले. मासा उडी मारून गेलासुद्धा. माझा हुकला, कारण मी यांच्या पाठीकडे डोळे वटारून बघत होते.

परत येताना दुकानांतून उगाच फिरलो. लोकरीची शाल बघितली, किंमत बघितली, ठेवून दिली. हे म्हणाले, "गप्पशी?" मी म्हटलं, "पाय दुखतायत."

हे खोटं लिहिलं आणि हसूच आलं. पाय कुठे दुखत होते. गेल्या वर्षी ती गाठ लागली हाताला, तेव्हा सोनोग्राफीला मी वन्संना घेऊन गेले होते. यांना सांगितलं होतं, तुळशीबागेत जाऊन येते. परत येताना खरंच तुळशीबागेत गेलो आणि पुराव्यादाखल दोन चाळण्या घेतल्या. रिपोर्ट चांगला आला, मग सांगायचं राहूनच गेलं. त्याआधी प्रतीक्षा करताना शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं होतं. तिचं नावही विचारलं नाही.

म्हणजे चाळण्या आणि सनावळ्या. फिट्टंफाट म्हणायची का? पुरती फिटत नाही. चार वाजताचं अजून टोचतंय. पण म्हातारेबुवा भले वाटले, एवढं म्हणेन. मधे बोलले नाहीत. मी असते तर लगेच म्हटलं असतं, रात्री चहा घेऊ नका म्हणून सांगत होते ना.

झोपते.

4:10. मुद्दाम गजर लावला नव्हता, आपसूक जाग आली. पडद्याच्या फटीतून लख्ख उजेड, बाहेर पक्ष्यांचा कलकलाट. म्हटलं, आज विचारूच. कूस वळले तर हे तोंड उघडं टाकून घोरतायत. छताकडे बघितलं. या खोलीला पंखाच नाही.