लिलावानंतरचा वांधा

कादंबरीवर घर चालत नाही, म्हणून मी वर्ग घेतो. शिकवत शिकवत लिहिणं नाशकाला नवं नाही. वसंत कानेटकर इथल्याच हंप्राठा कॉलेजात प्राध्यापक होते. माझं कॉलेज म्हणजे गंगापूर रोडवरचा भाड्याचा हॉल, दर रविवारी. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना लिहिण्याआधी प्रकाशक हवा असतो.

त्या रविवारी निफाडकडून येणारे अण्णा वाचायला उठले. त्यांची हयात कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे लिखापढीत गेलेली. प्रकरणात भाव पडतो, 'नियती क्रूर हसते', आणि शेतकरी कांद्याचे पैसे मनिऑर्डरने दिल्लीला पाठवतो.

"हे तर घडलेलंय," मागून कुणीतरी म्हणालं. खरंच होतं. २०१८ साली निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना असेच पाठवले होते.

मी म्हटलं, "अण्णा, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय. तुम्ही बाजार समितीच्या आवारात होतात. लिलाव झाला की ट्रॉली कुठे जाते?"

"कुठं म्हंजे? शेठच्या खळ्यावर, माल उतरवायला." अण्णांनी कागद बाजूला ठेवला. "लिलावात वरचा माल बघून बोली लागते. चिठ्ठीवर भाव पडतो. मग खळ्यावर ट्रॉलीचा मागचा फाळका पाडला की तळचा माल दिसतो. शेठ एक कांदा उचलणार, अंगठ्यानं मान दाबणार. मऊ लागली की काढला वांधा. आता भरलेली ट्रॉली माघारी नेऊन करायचं काय? शेतकरीच म्हणतो, करा पन्नास कमी."

"आणि तुम्ही?"

"मी चिठ्ठीवरचा आकडा खोडून नवा टाकायचो. शेतकरी माझ्या पेनाकडं बघायचा. तोंडाकडं नाही."

मी तोंड उघडणार तोच पंचवटीच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मग अण्णा, ही गोष्ट त्याची कुठे, तुमचीच आहे की!"

अण्णा भडकले. "मी काय हिरो हाय का?"

हिरो नाही, म्हणूनच लिहा, म्हटलं. आत्ता, इथेच. बाकीचे चहाला गेले, अण्णा बसून राहिले. पानभर मजकूर झाला. नियती गायब. खोडलेला आकडा होता, त्याखाली वजा हमाली, वजा तोलाई, वजा वाराई, आणि शेतकऱ्याने 'बरोबर असंल तुमचं' म्हणत न वाचता घडी करून खिशात घातलेली हिशोबपट्टी. मला सरळसरळ हेवा वाटला. माझ्या चालू कादंबरीत असं एकही पान नाही.

जाताना त्यांनी विचारलं, "सर, पुस्तक छापलं तर लेखकाला काय सुटतं?"

सांगितलं. पाचशे प्रती, तीनशे रुपये किंमत, दहा टक्के मानधन. सगळ्या खपल्या तर पंधरा हजार, तेही वर्षाच्या हिशेबानंतर.

अण्णांनी क्षणभर आकडेमोड केली.

"आन् हमाली कोणाकडं?"