तुम्ही विचारलंत म्हणून: सेनुआच का?

"कॉस्प्लेच करायचं तर एखादी देखणी, हसरी नायिका कर की. ही तोंडाला निळं फासलेली, कमरेला मुंडकं बांधलेली बाई कशाला?" कॉस्प्ले म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्राचा हुबेहूब पोशाख करून वावरणं, आणि मी ते करते म्हणून मैत्रिणी विचारतात, ऑफिसात विचारतात, दिवाळीला फराळाच्या ताटावर काकूंनीही विचारलं. दर वेळी "आवडते मला" एवढं बोलून मी विषय बदलते. आज नीट सांगते.

सेनुआ ही 'हेलब्लेड: सेनुआज् सॅक्रिफाइस' या २०१७ सालच्या व्हिडिओ गेमची नायिका. स्कॉटलंडकडच्या पिक्ट लोकांतली योद्धी. तिच्या प्रियकराला, डिलियनला, व्हायकिंगांनी बळी दिलं. त्याचा आत्मा सोडवायला ती त्याचं शिर कापडात गुंडाळून कमरेला बांधते आणि मृतांच्या मुलखात, मृतांची देवी हेला हिच्या दारी चालत जाते. तिला सायकोसिस आहे, कानात सतत कुणीतरी बोलत असतं. केंब्रिजच्या निंजा थिअरी या स्टुडिओने गेम बनवताना मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांना आणि असे आवाज स्वतः ऐकलेल्या माणसांनाही सोबत घेतलं. हेडफोन लावले की ते आवाज मानेमागून, मग डाव्या कानाशी, मग दोन्हीकडून येतात. तुला जमणार नाही म्हणतात, हसतात. आणि लढाईत पाठीमागून कुणी चालून आलं, तर मागे बघ म्हणून सावधही करतात.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी गेम थांबवला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. कारण माझी मावशी हेच सांगायची. "सगळेच वाईट नसतात गं. एक बाई आहे, दूध उतू जायला लागलं की सांगते मला."

मावशी आमच्याकडेच राहायची. आधी सगळ्यांनी ठरवलं, बाहेरचं आहे. देवऋषी झाला, धुरी झाली, अंगारे झाले. जादूटोणाविरोधी कायदा आला २०१३ मध्ये, हे त्याच्या कितीतरी आधीचं. डॉक्टर आणि गोळ्या फार उशिरा आल्या, आणि तोवर घरातल्या प्रत्येक आजारपणाला आपणच कारण आहोत असं तिच्या मनाने घेतलं होतं. सेनुआचा बाप तिला हेच पटवत असतो, की तुला शाप आहे, गावात साथ आली ती तुझ्यामुळे.

मला सायकोसिस नाही, आणि मावशीचं दुखणं मला कळतं असं मी कधीच म्हणणार नाही. माझं सेनुआशी जुळतं ते स्वभावाने. ती हट्टी आहे, मदत मागत नाही आणि गेलेल्या माणसाला सोडत नाही. मावशीचा गोळ्यांचा डबा, सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेला, मी दोन वर्षं माझ्या कपाटात ठेवला होता. गुरुवारच्या कप्प्यात दोन गोळ्या तशाच होत्या.

पोशाखाला तीन महिने लागले. गोणपाट आणि सुतळी बोहरी आळीतून आणली, जटा लोकरीच्या वळल्या. डिलियनचं शिर कागदाच्या लगद्याचं केलं, पण ते इतकं हलकं झालं की चालताना उड्या मारायला लागलं. ओझं ओझ्यासारखं लोंबायला हवं. म्हणून शिर पोकळ ठेवून आत तांदळाची पुरचुंडी घातली आणि भोवती मावशीची एक जुनी सुती साडी दाबून भरली, राखाडी, चौकडीची. मग ते बरोबर मांडीवर आपटायला लागलं.

पहिल्यांदा तयार होऊन रिक्षात बसले, तेव्हा रिक्षावाल्या काकांनी आरशात जटांकडे बघून हळूच विचारलं, "देवीची आहे का, ताई?" लोकरीची आहे म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांच्या बहिणीची खरी जट होती, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी समजावून कापली, तेव्हा कुठे तिची मान सरळ झाली, असं म्हणाले. सिग्नल सुटेपर्यंत आम्ही तेवढंच बोललो.

कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्स आणि गेमच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, एक फोटोग्राफर म्हणाला, "जरा वेड्यासारखे डोळे करा ना." मी नाही म्हटलं. सेनुआ साकारणारी मेलिना युर्गेन्स मुळात त्याच स्टुडिओत व्हिडिओ एडिटर होती, चाचणीपुरती उभी राहिली आणि पुढे २०१८ मध्ये तिला याच कामासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. तिचा चेहरा नीट बघा. ती डोळे गरगर फिरवत नाही, ती ऐकत असते. मला तेवढंच करायचं होतं. मान किंचित डावीकडे, ओठ मिटलेले, गॅसपाशी उभी असताना मावशी करायची तशी. तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती पट्ट्याचं बक्कल शिवून देत होती, तेव्हा शिराच्या पोतडीच्या तोंडातून मावशीच्या साडीचा काठ बाहेर आलेला तिला दिसला. सुई थांबली. "हिलापण ऐकू यायचं का गं?" एवढंच विचारलं तिने. मी गेम लावून हेडफोन तिच्या कानावर ठेवले. आईला इंग्रजी फारसं कळत नाही. तरी दहा मिनिटं ती हलली नाही, दोनदा मागे वळून पाहिलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "ताई सांगायची, आणि मी म्हणायचे, झोप आता."

गेमच्या शेवटी सेनुआ ते शिर दरीत सोडून देते. पुढच्या वेळी मी तीच सेनुआ करणार आहे, रिकाम्या कमरेची. साडी आईने काढून घेतली. धुऊन, स्टार्च करून आता तिच्या कपाटात आहे.