अंतरपाटाखालची पावलं

'संगीत शारदा' पुन्हा रंगमंचावर येणार होतं आणि पोस्टरचं काम माझ्याकडे आलं. निर्मात्यांनी फोटो आधीच काढून घेतले होते. नऊवारी, नथ, मुंडावळ्या आणि लाजून हसणारी नवरी. फोटो सुरेखच होते, पण एखाद्या सराफाच्या जाहिरातीत खपून जावेत असे.

शारदा म्हणजे लग्नाच्या हौसेचं नाटक नव्हे. बाप पैशाच्या लोभाने पोटची पोर पाऊणशे वयाच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, त्याची ही गोष्ट. गोविंद बल्लाळ देवलांनी ती १८९९ साली रंगभूमीवर आणली. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्यावर केवढं रान उठलं होतं! त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्या शारदेला पोस्टरवर हसायला लावणं मला पटेना. संध्याकाळी थेट तालमीला जाऊन बसलो.

लहानसा हॉल, माइक नाही, साथीला ऑर्गन आणि तबला. खुर्च्या भरलेल्या, म्हणून मी ऑर्गनशेजारी जमिनीवरच बसकण मारली. 'मूर्तिमंत भीती उभी' सुरू झालं. शारदा करणारी मुलगी जागची न हलता गात होती. माझी नजर मात्र ऑर्गनवाल्या काकांच्या पायांवर खिळली. सत्तरी ओलांडलेले काका अनवाणी पायांनी भाता मारत होते. टाचांना भेगा, घोट्याशी तटतटलेल्या निळ्या शिरा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. आणि त्यांच्या पलीकडे, दोन हातांवर, त्या मुलीची कोवळी पावलं. माझं पोस्टर तिथेच ठरलं.

तालीम संपल्यावर काकांना विचारलं, "काका, भुजंगनाथाचे पाय म्हणून तुमचे पाय द्याल?"

त्यांनी खाली वाकून स्वतःच्या पायांकडे नीट पाहिलं. म्हणाले, "रंगवावे लागणार नाहीत. चला."

मुलीच्या पावलांना हळद लावली, दोघांना पाटांवर उभं केलं. विधीत अंतरपाट वधूवरांच्या मधे असतो. मी तो त्या दोघांच्या आणि प्रेक्षकांच्या मधे धरायला लावला. वर सगळं कोरं पांढरं कापड, खाली फक्त ती चार पावलं. रात्री त्या पांढऱ्यावर ब्रशने नाव लिहिलं, कुंकवाच्या लाल रंगात. 'संगीत' आणि 'शारदा' एकाच मापाची अक्षरं. हल्ली 'संगीत' कोपऱ्यात बारीक टाकतात, ते मला अजिबात आवडत नाही. लोक पदं ऐकायलाच तर येतात.

"चेहराच नाही? बुकिंग कसं व्हायचं?" निर्मात्यांचा पहिला प्रश्न. रास्तच होता, पैसा त्यांचा लागलेला. मी दोन्ही डिझाइनं वर्तमानपत्राच्या एका कॉलमाच्या मापात छापून त्यांच्यापुढे ठेवली. नवरीच्या फोटोत एक नथ तेवढी कळत होती. पावलं मात्र लांबूनही कळत होती, एक जोडी कुणाची आणि दुसरी कुणाची ते. ते बराच वेळ बघत राहिले आणि कबूल झाले, दुसऱ्या आठवड्याच्या जाहिरातीत नवरीचा फोटो घ्यायच्या अटीवर.

मग मीही एक अट घातली. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीदारांची नावं तळाला, प्रायोजकांच्या चिन्हांखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत होती. ती कलावंतांच्या नावांना लागून, त्याच टायपात हवीत. जागेसाठी दोन चिन्हं लहान करावी लागली. प्रायोजकांना फोन निर्मात्यांनी स्वतः केला.