ह्यूस्टनमधले अंतर

ह्यूस्टनमध्ये घर किती लांब आहे असे विचारले, तर उत्तर मैलांत नव्हे, मिनिटांत मिळते. आणि ती मिनिटेही सकाळी वेगळी, दुपारी वेगळी असतात. सुमारे १,७०० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या शहरात निवासी आणि व्यापारी विभाग ठरवून देणारा झोनिंगचा कायदा नाही, त्यामुळे घरांच्या रांगेला खेटून टायरचे दुकान आणि त्यापलीकडे चर्च, हे दृश्य मला आता खटकेनासे झाले आहे.

कॅटी फ्रीवेचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले आणि बाजूचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी त्याच्या २६ मार्गिका झाल्या. तरीही संध्याकाळी पाचला तेथे पुढच्या गाडीचे लाल दिवे न्याहाळत बसावे लागते. दूध संपले तरी गाडी काढावी लागते. एकदा हट्टाने पायी निघालो, तर पदपथ मध्येच गवतात संपला. (ऑगस्टच्या दुपारी तो हट्ट करणे हा माझाच वेडेपणा.)

डाउनटाउनमधील कचेऱ्यांच्या इमारती भुयारी मार्गांनी जोडलेल्या आहेत. दुपारच्या सुटीत तेथे गर्दी असते, तर वर रस्त्यावर शुकशुकाट.

पाऊस मात्र येथे कोणी सहज घेत नाही. २०१७ च्या हार्वे वादळानंतर जोराची सर आली, की शेजारचे आजोबा छत्री घेऊन बायूच्या (येथल्या संथ वाहणाऱ्या ओढ्याच्या) पुलावर जातात आणि खांबावर पाणी कुठवर चढले ते पाहून येतात.