डोळे हातावर

परवा व्हिडिओ कॉलवर रामबागेतल्या आत्यानं विचारलं, "अगं, त्या जुगाराच्या ठिकाणी तू रात्रभर करतेस तरी काय?" तिला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत मी एका कसिनोत फ्लोअर सुपरवायझर आहे. आधी चार वर्षं पत्ते वाटले, आता मोठ्या पैजांची टेबलं सांभाळते. आमचे आजोबा इंदूरच्या सराफ्यात एका पेढीवर मुनीम होते. अंगठ्यांचा ट्रे पुढ्यात ठेवून ते गिऱ्हाइकाची खुशाली विचारायचे, पण डोळे त्याच्या बोटांवर. मला इथं पहिल्या आठवड्यात तेच शिकवलं.

डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, गिऱ्हाइकाच्या हातातून पैसे घेत नाही. नोटा टेबलावर ठेवायच्या. डीलर त्या एकेक सुटी पसरतो, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक नोट दिसते. रक्कम मोठ्यानं बोलतो, मी होकार देते, मगच चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, सरकतात. टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवतो, हातात काही नाही म्हणून. निकाल लागल्यावर एखादी जांभळी, म्हणजे 500 डॉलरची, चिप जिंकलेल्या पैजेवर हळूच चढवणारेही भेटतात. शंका आली की कॅमेऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या सर्व्हेलन्सला फोन करायचा, ते चित्रण मागे नेऊन बघतात.

पण माझा खरा वेळ जातो रेटिंगमध्ये. कोण किती वाजता बसला, सरासरी पैज किती, कधी उठला. बॅकारा म्हणजे बँकर किंवा प्लेअर या दोन बाजूंपैकी एकीवर पैज लावायचा पत्त्यांचा खेळ. समजा, त्यात कुणी सरासरी 500 डॉलर लावतोय, तासाला 70 डाव, असे चार तास. उलाढाल झाली 1,40,000 डॉलर. त्यात कसिनोचा फायदा बँकरवर 1.06 टक्के, प्लेअरवर 1.24. मधला 1.2 धरला तर 1,680 डॉलर. त्या रात्री तो जिंकला असला तरी आमच्या लेखी त्याची किंमत हीच, आणि फुकटची खोली, जेवण यावरच ठरतं. फुकट नसतंच ते, आत्या.

दिवसभरात एकाची रोख 10,000 डॉलरच्या वर गेली की सरकारकडे अहवाल जातो, म्हणून तीही बेरीज चालू ठेवावी लागते. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पत्ते मोजणाऱ्याला, म्हणजे कोणते येऊन गेले याचा मनात हिशेब ठेवणाऱ्याला मात्र इथं हाकलता येत नाही, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्येच तसं ठरवलंय. त्याचा हिशेब मोडावा म्हणून आम्ही पत्ते लवकर पिसतो, एवढंच.

इतकं सगळं टिपून घेतो आम्ही. त्या माणसाला हे परवडतंय का, याला रकाना नाही. याचा मला फार त्रास होतो.

गेल्या महिन्यात पहाटे सहाला एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, गुरुवार. ते मंगळवारी रात्री आले होते. मी त्यांच्याशेजारी वाकून सांगितलं की एक वर्षासाठी किंवा पाच वर्षांसाठी स्वतःचं नाव बंदीच्या यादीत घालता येतं, आणि माहितीपत्रक दिलं. त्यांनी "थँक यू, डिअर" म्हणत ते न वाचता शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलं. मग बँकरवर तीन जांभळ्या चिप्स ठेवल्या. आधी दोन ठेवत होते. मी त्यांची सरासरी वाढवून लिहिली.