मॉर्वेनस्टोच्या वाड्या

इंग्लंडला आल्यापासून एक गाव बघायचं मनात होतं. कॉर्नवॉलच्या उत्तर टोकाला, ब्यूडच्या पुढे, मॉर्वेनस्टो. परवा एकदाची गेले, तर तिथे त्या नावाचं गाव असं सापडेचना. शॉप, वुडफर्ड, क्रॉसटाउन, गूजम, कूम अशा वाड्या शेतांतून लांब लांब विखुरलेल्या, आणि चर्च मात्र बाजूला, समुद्राकडे उतरणाऱ्या घळीवर. मी कोकणातली, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही. आमचंही गाव म्हणजे वाड्याच, आणि देऊळ सगळ्यांपासून चार पावलं दूर.

या वाड्या मिळून एक पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अनेकांचं बारसं, लग्न, मयत याच चर्चच्या वहीत चढायचं. रॉबर्ट स्टीफन हॉकर इथे १८३४ च्या अखेरीस पाद्री म्हणून नेमले गेले आणि १८७५ मध्ये वारले तोवर त्यांनी हीच पॅरिश सांभाळली. त्यांच्याआधी शंभर वर्षांहून जास्त काळ इथे मुक्कामी पाद्रीच नव्हता. त्यांनी शाळा काढली, राहायला घर बांधलं. त्या घराची धुराडी बघाच. आयुष्यात संबंध आलेल्या चर्चच्या मनोऱ्यांसारखी ती बांधून घेतली आहेत, आणि एक तर आईच्या थडग्यासारखं.

पण मी थांबले ती दफनभूमीत. इथले कडे उभे आणि खाली दातेरी काळे खडक, त्यामुळे जहाज आदळलं की माणूस हाती लागणं मुश्कील. पूर्वी वाहून आलेली प्रेतं किनाऱ्यावरच पुरत. १८०८ च्या कायद्याने ती पॅरिशने दफनभूमीत पुरायची असं ठरलं, पण कड्याखालून ती वर आणायची कोणी? हॉकर स्वतः लोकांना घेऊन खाली उतरत आणि प्रत्येकाचं रीतसर दफन करत. सप्टेंबर १८४२ मध्ये स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथचं ‘कॅलेडोनिया’ जहाज फुटलं. जर्सी बेटावरचा एकच खलाशी वाचला. बाकीच्यांच्या कबरीपाशी त्या जहाजाच्या पुढच्या टोकावरची लाकडी बाई उभी केली, पांढरी, हातात तलवार आणि ढाल. मूळ मूर्ती आता चर्चच्या आत जपून ठेवली आहे, बाहेर तिची प्रतिकृती आहे. मी बराच वेळ तिच्यासमोर उभी होते. माझे आजोबा होडीवर जायचे. घरची माणसं किनाऱ्याकडे डोळे लावून बसायची, ते मी बघितलंय.

वर कड्यावर जहाजांच्या फुटक्या लाकडांची, हॉकर यांनी स्वतः बांधलेली झोपडी आहे. आत बसलं की समोर फक्त पाणी.

याच हॉकर यांनी १ ऑक्टोबर १८४३ ला सगळ्या वाड्यांना चर्चमध्ये बोलावलं आणि नव्या पिकाच्या धान्याचा पाव प्रसाद म्हणून दिला. आज इंग्लंडभर चर्चमध्ये जो सुगीचा सण होतो, तो रुळला त्यानंतर.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. ती लगेच म्हणाली, “म्हणजे त्यांनीपण नवं केलं की गं! दाराला लोंब्या बांधल्या का?”