हातचा

रविवार, रात्र

उजव्या तळहाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत काळी झालीय. साबणाने ती करडी झाली, गेली मात्र नाही. दुपारभर कागद घासत बसले होते, दुसरं काही नाही.

वहीच्या पानाखाली नाणं ठेवून पेन्सिल फिरवली नाही असं मूल विरळाच. आज तेच केलं, फक्त नाण्याच्या जागी झाडाचं पान. पहिला कागद कोराच राहिला म्हणायचा, कारण पान मी सुलटं ठेवलं होतं, गुळगुळीत बाजू वर. शिरांचा उठाव असतो मागच्या बाजूला. पान उलटं केलं, तर पुढचे दोन कागद फाटले. पेन्सिलीचं टोक वापरायचंच नाही, ती आडवी धरायची, हे तेव्हा डोक्यात शिरलं. टोक खळग्यात उतरतं. आडवं शिसं उंचवट्यांवरून सरकत जातं आणि जिथे खालून आधार मिळतो तिथेच कागद काळा होतो. करामत एवढीच. चित्रकलेचा जाड कागद इथे कुचकामी. पातळ हवा, पण चिवट.

पानाची कड मात्र शिरांहूनही गडद उमटते, त्याचं आधी नवल वाटलं. मग बोट फिरवून पाहिलं. कागद तिथे पायरी उतरतो, शिसं त्या पायरीला अडखळतं.

मेणाचा खडू मला पेन्सिलीपेक्षा बरा वाटला. शिसं हात लागला की पसरतं (माझ्या करंगळीला विचारा), मेण जागचं हलत नाही. शिवाय वरून पातळ जलरंगाचा हात दिला की मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही, आणि रंगात शिरा तशाच्या तशा उरतात.

या प्रकाराला फ्रोटाज म्हणतात, फ्रेंचमधल्या ‘घासणे’ या क्रियापदावरून. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने स्वतः सांगून ठेवलंय की १० ऑगस्ट १९२५ला फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या एका खाणावळीत पावसामुळे अडकून पडला असताना त्याची नजर जमिनीच्या फळ्यांवर खिळली. घासूनपुसून त्यांचे रेषे वर आले होते. त्याने कागद जमिनीवर जसे पडतील तसे टाकले आणि वरून काळं शिसं घासलं. पुढे पानं, गोणपाट, रिळावरून सुटलेला दोरा, जे सापडेल ते. त्यातून त्याला जंगलं दिसली, पक्षी दिसले, आणि १९२६ साली अशा ३४ चित्रांचा संच निघाला.

हे वाचून मीही दोन पानांच्या ठशात पक्षी शोधला. नुसता शोधला नाही, त्याला डोळा काढला. त्या एका ठिपक्याने वाटोळं झालं. तोवर शिरा होत्या, आता नुसता वाईट काढलेला पक्षी आहे. अर्न्स्टला ते जमत असेल. माझा हात मधे पडला की कागद गप्प होतो.

मंगळवार

चाळणी, बुटाचा तळ, टोपली. टोपली घासताना कागद हलला आणि वीण दुहेरी आली. चिकटपट्टी लावायचा कंटाळा, दुसरं काय.

शुक्रवार, उशिरा

आज घरातलं लिहायचं जुनं टेबल घेतलं. मऊ लाकूड, वर्षं लिहिण्यात गेलेली. मला हवे होते लाकडाचे रेषे, अर्न्स्टच्या फळ्यांसारखे, आणि ते आलेही. लांब, सुस्त, एका गाठीपाशी वळसा घालून पुढे जाणारे. पण डाव्या कोपऱ्यात रेषांना आडव्या जाणाऱ्या बारीक पांढऱ्या ओरखड्या दिसायला लागल्या. आधी वाटलं कागदाला चुणी पडली. खडू हलका करून, दिशा बदलून पुन्हा फिरवला, तर आकडा निघाला. चार. मग शून्य, मग तीन.

खाली वही न घेता सुट्या कागदावर बॉलपेन दाबून लिहिलं की लाकूड ते टिपून घेतं. खोलगट भागाला खडू लागत नाही, म्हणून अक्षर पांढरं राहतं आणि भोवताल काळा होतो. चीनमध्ये दगडी लेखांचे ठसे हजाराहून जास्त वर्षं असेच पांढऱ्या अक्षरांचे निघत आलेत. तिथे घासत नाहीत. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने कोरलेल्या अक्षरांत ठोकतात आणि तो वाळत आला की शाईच्या बोंड्याने वरून टिपतात. शिक्का उलटा कोरावा लागतो, कारण छाप उलटी पडते. इथे ती भानगड नाही. कागदाची वरची बाजूच रंगते, त्यामुळे अक्षर सुलटं येतं, आणि मोजून बघा, जेवढ्यास तेवढं.

डो हो सू या कोरियन कलावंताने न्यूयॉर्कमधलं आपलं अनेक वर्षांचं भाड्याचं घर सोडताना आतून सगळं कागदाने मढवलं आणि रंगीत पेन्सिलींनी घासून काढलं. भिंती, बटणं, मुठी, सगळं. इंग्रजीतले ‘रबिंग’ (घासणं) आणि ‘लव्हिंग’ (प्रेम करणं) हे दोन शब्द कोरियन तोंडी सारखेच येतात, असं तो सांगतो. मला आधी हा शाब्दिक खेळ वाटला होता. पण टेबलाचा तेवढा कोपरा मी आज पाऊण तास घासला, बोटांनी चाचपत. इतकी वर्षं त्यावर कोपर टेकून बसले आणि तिथे काही लिहिलंय हे माहीत नव्हतं.

निघालं ते वजाबाकीचं गणित. ३०४ वजा १२७, उत्तर १८७. चूक. चारातून सात जात नाहीत म्हणून हातचा मागितला, शून्याचे दहा झाले, पण त्यातला एक चाराला दिल्यावर नऊ उरले हे विसरायला झालं. उत्तराखाली दोन रेघा मात्र ठसक्यात मारल्यात. लाकडात सगळ्यात खोल त्याच गेल्यात.

टेबल आम्हा दोघा भावंडांचं. फोटो काढून दादाला पाठवला, खाली लिहिलं, “तुझे पराक्रम.”

दहा मिनिटांनी उत्तर आलं. “सातची शेपूट बघ. मी सात असा काढत नाही. तू काढतेस.”

माझा सात बघायला रविवारची नोंद काढली, त्या ‘१० ऑगस्ट १९२५’च्या ओळीत सात नाही. मग ‘१२७’ पुन्हा लिहून पाहिलं, वेगळ्या कागदावर, खाली जाड वही घेऊन.

शेपूट तीच.